दोन भाषांतली उपासना

शास्त्रभाग : नहेम्या ८:१-१२; प्रेषितांची कृत्ये ६:१-७; १ करिंथ १४:६-२८



या तिमाहीचा पाठ एका प्रश्नापासून सुरू करते. तो प्रश्न मला अभ्यास करताना सुचलेला नाही, मला भर सभेत विचारला गेला आहे.

पावसाळा सरत आला होता. मुरुड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही पंधरा-वीस जण बसलो होतो. गाणे झाले, शास्त्रवाचन झाले आणि मी बोलायला लागले. प्रभू येशूने आपले तारण केले आहे, हे मी नेहमीप्रमाणे दोन-तीनदा सांगितले. पुढ्यात मूल मांडीवर घेऊन बसलेली एक बाई मध्येच म्हणाली, "कितीला, ताई?"

मला कळेना. मी म्हटले, "काय कितीला?"

"तारण ठेवलं म्हणता ना आमाला. कितीला ठेवलं? आन सोडवायचं कुनी?"

बायका हसल्या, मीही हसले आणि पुढचा विषय काढला. घरी येताना एसटीत बसले तेव्हा हसू मावळले. त्या बाईचे काही चुकले नव्हते. वाडीवर 'तारण' हा शब्द एकाच अर्थाने चालतो. पातेले तारण ठेवतात, चांदीची साखळी ठेवतात, आणि फार अडले तर रेशनकार्डसुद्धा ठेवतात. पावसात घरात दाणा नसतो, तेव्हा वीटभट्टीचा मुकादम येऊन उचल देतो. दिवाळी झाली की अख्खे कुटुंब ती उचल फेडायला भट्टीवर जाते आणि मे अखेरीस परतते. हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि ती वही मराठीत असते. अशा माणसाला मी सांगत होते की देवाच्या पुत्राने तुझे तारण केले आहे. तिने जे ऐकले ते असे, की आणखी एका वहीत आपले नाव चढले.

मी अकरा वर्षे या पट्ट्यातल्या वाड्यांवर जाते. अकरा वर्षे हा शब्द वापरत होते.

म्हणून या पाठाचा विषय दोन भाषांतली उपासना हा घेतला आहे. मराठी येते, पण घरी वेगळी बोली आहे, अशा लोकांबरोबर आपण प्रार्थनेला बसतो तेव्हा काय करावे? "त्यांना मराठी समजते" हे उत्तर मी स्वतः अनेकदा दिलेले आहे. बाजारात मीठ-मिरची घेण्याइतकी भाषा समजणे आणि देवापुढे रडण्याइतकी समजणे यांत अंतर आहे, हे उत्तर देताना माझ्या लक्षात आले नव्हते.

प्रथम नहेम्याचा आठवा अध्याय काढावा. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीपुढच्या चौकात जमले आहेत. एज्रा शास्त्री पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. ग्रंथ इब्री भाषेत आहे, पण दोन-तीन पिढ्या परदेशात राहिलेल्या या लोकांच्या तोंडी अरामी रुळली आहे. मग काय होते? सातव्या वचनात एकामागून एक तेरा माणसांची नावे येतात. ती आपण वाचताना भरभर उरकतो. पण हे तेरा जण आणि लेवी लोकांमध्ये उभे राहून वाचलेल्या भागाचा अर्थ उलगडून देत होते. आठव्या वचनातल्या एका इब्री शब्दाचा अर्थ काही जण 'स्पष्टपणे' असा करतात, तर यहूदी परंपरेत त्याचा अर्थ 'भाषांतर करून' असा धरला आहे. पुढे सभास्थानांत इब्री वाचनामागून अरामी भाषांतर सांगण्याची जी प्रथा पडली, तिचे मूळ ही परंपरा याच प्रसंगात पाहते.

लोक अर्थ कळल्यावर रडले, हे लक्षात घ्यावे. वाचन चालू असताना ते उभे होते, हात वर करून आमेन म्हणत होते, म्हणजे बाहेरून सर्व व्यवस्थित होते. रडणे अर्थ कळल्यानंतर आले. आणि त्यानंतर त्यांना सांगितले गेले की आता रडू नका, जा, खा-प्या, आणि ज्यांच्याकडे काही शिजलेले नाही त्यांच्या घरी वाटा पाठवा. बारावे वचन म्हणते की लोकांनी तसे केले, कारण सांगितलेल्या गोष्टी त्यांना समजल्या होत्या. आपल्यासारख्या कल्याणकार्य करणाऱ्यांनी हे वचन अधोरेखित करून ठेवावे. समजल्यावर ताटे भरून शेजारी गेली.

याच नहेम्याच्या तेराव्या अध्यायात एक अवघड भागही आहे आणि तो लपवून चालणार नाही. ज्या घरांत आई अश्दोदची होती, तिथली निम्मी मुले अश्दोदी बोलत होती आणि त्यांना यहूदी भाषा येत नव्हती. नहेम्या इतका संतापला की त्याने काही जणांना मारले व त्यांचे केस उपटले. आठव्या अध्यायात लोकांना रडू नका असे सांगणाऱ्यांतला माणूस आणि तेराव्या अध्यायात भाषेवरून हात उचलणारा माणूस एकच आहे. आपल्या लोकांची भाषा जाईल ही भीती माणसाला कुठवर नेते ते इथे दिसते. माझ्या मते नहेम्याचा हा राग अनुकरणासाठी लिहिलेला नाही. पण शाळेत बोलीतला शब्द तोंडातून गेला म्हणून मुलांना उभे करणारे आणि ते भल्यासाठीच करतो असे मानणारे गुरुजी आपण सर्वांनी पाहिले आहेत.

सभास्थानातल्या त्या प्रथेचे नियम मिश्नेत, मगिल्ला या प्रकरणात आले आहेत. नियमशास्त्र वाचताना वाचणाऱ्याने दुभाष्यापुढे एका वेळी एकापेक्षा जास्त वचने टाकू नयेत. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत तीनपर्यंत चालतील. वाचणारा एक आणि सांगणारा दुसरा, अशी कामाची वाटणी होती. हे वाचताना मला थोडी लाज वाटली. मी एका दमात सात-आठ वाक्ये बोलून मग शेजारच्या मुलीकडे पाहायचे आणि म्हणायचे, "सांग त्यांना." ती बिचारी दोन वाक्ये सांगायची. बाकीची सहा कुठे जात होती, देवच जाणे.

ही प्रथा आपल्या किनाऱ्याला अनोळखी नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला बेने इस्राएल समाज आपण 'शनिवार तेली' या नावाने ओळखत होतो. त्यांची प्रार्थना इब्री आणि घरची भाषा मराठी. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा हा ग्रंथ १८४६ साली मुंबईत इब्री मूळ व मराठी भाषांतर अशा रूपात छापला गेला. पुढे या समाजाने बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनेही रचली. मिसरातून सुटकेची गोष्ट वर्षातून एकदा मुलांना सांगायची अशी आज्ञा आहे, आणि मुलाला समजेल अशा भाषेत ती सांगितली नाही तर आज्ञा पाळली कशी जाणार? अलिबागचे मागेन अबोथ हे सभास्थान आजही उभे आहे. बरीच कुटुंबे इस्राएलला गेली, पण तिथेही त्यांच्या घरांत मराठी टिकली आहे.

आता कोर्लईकडे येऊ. या विषयात इतका जवळचा आणि इतका बोलका दाखला दुसरा नाही.

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. कुंडलिका नदीच्या मुखावर डोंगराचा लांब सुळका समुद्रात गेला आहे. त्यावरचा किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडून घेतला. पलीकडे चौल हे त्यांचे मोठे ठाणे होते. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे गेले आणि पोर्तुगीज निघून गेले. मागे राहिले ते इथलेच गरीब ख्रिस्ती, म्हणजे किल्ल्यातले शिपाई, नोकर-चाकर आणि त्यांच्या बायका-मुलांचे वंशज. त्यांच्यात पोर्तुगीज आणि मराठी मिळून एक भाषा तयार झाली होती. तिला ते 'नौलिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. काही जण 'क्रिस्ती' असेही म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी आपल्यासारखी, म्हणजे क्रियापद शेवटी. अमेरिकन भाषातज्ज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारे हजाराच्या आसपास. राज्यकर्ते गेल्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे ही भाषा एका गावात तग धरून राहिली. आजूबाजूला हिंदू आणि मुसलमान वस्ती, मध्ये हे मूठभर ख्रिस्ती. त्यांचा धर्म वेगळा राहिला म्हणून त्यांची भाषाही वेगळी राहिली, असे याचे कारण सांगितले जाते.

आता उपासनेच्या बाजूने पाहा. माउंट कार्मेल मातेच्या त्यांच्या चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये आणि बाकीचा धार्मिक व्यवहार पोर्तुगीजमध्ये चालत असे. म्हणजे घरात नौलिंग, वेदीपाशी लॅटिन, प्रवचनात शुद्ध पोर्तुगीज, आणि बाजारात व शाळेत मराठी. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि लोकभाषेत मिस्सा करण्याची मोकळीक मिळाली. कोर्लईत लोकभाषा म्हणून मराठी आली. एका दृष्टीने हे योग्यच होते. सर्वांना मराठी येते, मुले मराठी शाळेत जातात, आणि धर्मगुरू बाहेरून येतात त्यांना नौलिंग कुठून येणार? पण घरची भाषा लॅटिनच्या काळात वेदीपर्यंत पोहोचली नव्हती, ती लोकभाषेच्या काळातही पोहोचली नाही.

मी प्रॉटेस्टंट मंडळीतली आहे, तरी कामानिमित्त एका रविवारी तिथल्या मिस्सेला मागे बसले होते. मराठी प्रार्थना खणखणीत चालल्या होत्या, कुठेही अडखळणे नव्हते. मिस्सा संपली, बायका अंगणात आल्या आणि दारातून बाहेर पडताच भाषा बदलली. कोणी सांगितले नव्हते, ठरवले नव्हते. आजारी नातवाची चौकशी, मासळीचा भाव, कोणाचे तरी लग्न, सगळे नौलिंगमध्ये. मला एक शब्द कळला नाही, पण आवाजातला फरक कळला. आत त्या व्यवस्थित होत्या, बाहेर त्या घरी होत्या. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. मराठीत केलेली त्यांची प्रार्थना खरी नाही असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला? फक्त मनात आले, की आजारी नातवाचे नाव देवापुढे ज्या भाषेत निघते, ती भाषा उंबरठ्याबाहेर का थांबावी?

एक उलट दाखला द्यायला हवा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्या काळी मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची, ती बदलणे त्याच्या हाती नव्हते. त्याने वेगळी वाट काढली. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण त्याने मराठीत रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. रविवारी आणि सणाच्या दिवशी ते देवळात लोकांना वाचून दाखवीत. वेदीवरची भाषा तीच राहिली, पण तिच्या शेजारी लोकांची भाषा येऊन बसली, तीही पुराणाच्या ओळखीच्या चालीत. स्वर्गाला त्याने वैकुंठ म्हटले. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. कोंकणी अजून आहे. फर्मान काढणाऱ्यांची भाषा गोव्यात आता कोण घरी बोलतो, ते वाचकांनी पाहावे.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीकवरून साध्या बोलण्याच्या मराठीत बायबल केले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून पूर्ण बाहेर आले. मराठीत आधीच भाषांतर होते. तरी त्यांना पुन्हा करावेसे वाटले, कारण मुक्तीत आलेल्या दुष्काळग्रस्त मुली कोणती मराठी बोलतात हे त्यांना ठाऊक होते. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध बायबल दिले. तेही अशा भागातले, जिथे घरी सामवेदी किंवा वाडवळी आणि चर्चमध्ये मराठी.

जगात इतरत्र हाच प्रश्न आणखी मोठ्या प्रमाणात आहे. अमेरिकेत टेक्सास, कॅलिफोर्निया या भागांत एकाच चर्चच्या इमारतीत सकाळी इंग्रजी आणि दुपारी स्पॅनिश उपासना होते. सणाच्या दिवशी दोन्ही गट एकत्र येतात, एक वाचन इंग्रजीत, दुसरे स्पॅनिशमध्ये, गाण्याचे एक कडवे या भाषेत आणि पुढचे त्या भाषेत. मुंबईतही अनेक चर्चच्या फलकावर मराठी आणि इंग्रजी उपासनेच्या वेळा वेगवेगळ्या लिहिलेल्या आपण पाहतो. वेगळ्या वेळा ठेवणे सोयीचे असते, पण मग एका प्रभूच्या मेजावरची माणसे एकमेकांना जिन्यातच भेटतात. एकत्र उपासना केली तर ती लांबते, आणि ज्याची भाषा चालू नसते तो खिडकीबाहेर पाहतो. यावर कोणाला फार सुंदर उपाय सापडला आहे असे मला दिसत नाही. पण तिथे निदान दोन्ही भाषांना स्वतःचे छापील बायबल आहे, शाळा आहे, वर्तमानपत्र आहे. आपल्या वाडीवर एका भाषेकडे हे सर्व आहे आणि दुसरीकडे काहीच नाही.

कातकरी बोलीबद्दल दोन शब्द. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून ज्या तीन जमाती धरल्या आहेत, त्यांतली ही एक; दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. जंगल बंद झाले, कात गेला, आता कोळसा आणि विटा. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींवर शिक्का मारला, त्यांत यांचेही नाव आले. हे मी इतिहास म्हणून सांगत नाही, उपासनेचा भाग म्हणून सांगते. आमच्या पापकबुलीच्या छापील प्रार्थनेत 'आम्ही अपराधी आहोत' या आशयाचे वाक्य आहे. एका वाडीवर ती प्रार्थना मी सर्वांकडून म्हणवून घेतली. नंतर एक म्हातारे बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, ते नाव आमचं पोलिसांनी आधीच लिवलंय. देवाफुडं परत कशाला म्हनायला लावते?" गावात कोंबडी चोरीला गेली तरी आधी वाडीवर येणारी माणसे त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. पाप आणि गुन्हा यांतला फरक मराठीत मला स्पष्ट आहे. त्यांच्या कानांपर्यंत जाताना तो फरक वाटेतच गळाला.

पौल करिंथकरांस लिहिताना नेमका याच जागी बोट ठेवतो. आपण हा अध्याय बहुधा अन्य भाषांच्या कृपादानावरच्या वादासाठी उघडतो. तो वाद आज बाजूला ठेवू. सोळाव्या वचनातला त्याचा प्रश्न साधा आहे : तू काय बोलतोस हे ज्याला समजत नाही, त्याने तुझ्या प्रार्थनेला आमेन कसे म्हणावे? त्याच्या मते मंडळीत समजणारे पाच शब्द न समजणाऱ्या दहा हजारांपेक्षा बरे. आणि तो शिस्तही घालून देतो. दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीने बोलावे आणि एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने गप्प बसावे. गप्प बसायचे आहे ते बोलणाऱ्याने. आपण नेमके उलटे करतो. समजले नाही तर ऐकणाऱ्याने गप्प बसावे, असा आपला शिरस्ता आहे.

तरी मला या पाठात सर्वांत जास्त बोलायचे आहे ते प्रेषितांच्या कृत्यांतल्या सहाव्या अध्यायावर, कारण तिथे भाषेचा प्रश्न ताटापर्यंत येतो. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजची वाटणी चालू होती. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. विधवा सर्व एकाच धर्माच्या, एकाच मंडळीच्या. फरक भाषेचा. कोणी मुद्दाम उपाशी ठेवले असे लूक म्हणत नाही. मला वाटते, आपल्याकडे होते तसेच झाले असणार. वाटप कधी, कुठे, कोणाला सांगायचे, हे वाटणाऱ्यांच्या भाषेत ठरले आणि ज्यांना ती भाषा नीट येत नव्हती त्या उशिरा पोहोचल्या.

आमच्याच कामातली गोष्ट सांगते. करोनानंतरच्या वर्षी आम्ही वाडीवर ताडपत्री आणि धान्य वाटले. त्याआधी बैठक घेतली, मराठीत, सर्वांनी माना डोलावल्या. यादीवर अंगठे घेतले. वाटपाच्या दिवशी एक आजी आल्याच नाहीत. घरी जाऊन पाहिले तर त्या चुलीपाशी बसून होत्या. अंगठा दिला म्हणजे पुढे फेडावे लागणार, असे त्यांनी धरले होते. भाताची लावणी संपली होती, अंगात ताकद नव्हती. फेडणार कशाने, म्हणून त्यांनी ताडपत्री न घेणेच पसंत केले होते. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्या छपरातून पाणी गळत होते. यात मुकादम नव्हता, सावकार नव्हता. ती चूक आमची, आणि तिच्यात माझी सर्वांत मोठी, कारण बैठकीत बोलणारी मी होते.

प्रेषितांनी काय केले ते पाहा. सात माणसे निवडली. सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्या बाजूच्या माणसांच्या हाती वाटपाची व्यवस्था दिली. दुभाष्या ठेवून भागवले नाही. हे वाचून आम्ही वाटपाच्या यादीचे काम त्याच वाडीवरच्या दोन बायकांकडे दिले. त्यांना लिहिता येत नाही. त्या खुणा करतात, आणि आजवर त्यांची यादी आमच्या यादीपेक्षा कमी चुकली आहे. अर्थात प्रार्थनेला येणे आणि यादीत असणे यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे त्या बायकांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगितले. वाडीवरचे बहुतेक लोक बाप्तिस्मा घेतलेले नाहीत आणि ओट्यावर गाणी ऐकायला येतात. ते तसे येत राहोत.

उपासनेतही गेल्या दोन वर्षांत काही बदलले आहे, काही फसले आहे. आमची दुभाषी आश्रमशाळेत नववीत शिकणारी मुलगी होती. हुशार, चटपटीत. म्हाताऱ्या माणसांना पोरीच्या तोंडून देवाचे ऐकणे आधी पटेना, मग पटले. पण तिचे काय होत होते हे आम्ही विचारलेच नाही. एकदा ती म्हणाली, "ताई, सगळे डोळे मिटतात तेव्हा मला पुढचं वाक्य लक्षात ठेवायचं असतं." दोन वर्षे ती प्रत्येक उपासनेला होती आणि एकदाही प्रार्थनेत नव्हती. आता तीन जण पाळीने सांगतात, आणि ज्याची पाळी नसेल तो मागे जाऊन बसतो. शास्त्रभाग आदल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर वाचून होतो. त्या बैठकीतच मला बायबल नव्याने कळते, हा त्यातला माझा स्वार्थ. प्रार्थनांचे भाषांतर आम्ही पूर्ण बंद केले. एकाने बोलीत प्रार्थना केली की मी आमेन म्हणते, न समजता. पौलाच्या नियमात हे बसत नाही हे मला कळते. पण इतकी वर्षे ते माझ्या प्रार्थनेला तसेच आमेन म्हणत आले, तेव्हा काही दिवस हा उलटा हिशेब चालू द्यावा असे मी ठरवले आहे. दरम्यान मी बोली शिकते आहे. सावकाश.

गाण्यांचे भाषांतर मात्र फसले. चांगल्या मराठी गीताचे शब्द बोलीत बसवले तर ना गीत राहिले ना बोली. मग एका बाईने लावणीच्या वेळी म्हणायच्या चालीवर स्वतः चार ओळी जुळवल्या आणि त्या सर्वांनी उचलल्या. आमच्या पाळकसाहेबांनी शंका काढली की या चालीवर शेतातली गाणी म्हणतात, ती उपासनेत चालतील का. शंका प्रामाणिक होती. मी त्यांना क्रिस्तपुराणाच्या ओवीची आठवण दिली. त्यांनी दुसरीही शंका काढली, ती अधिक वजनाची आहे : बोलीत उपासना करून आपण मुलांना मराठीपासून दूर ठेवत नाही का? शाळा, नोकरी, तहसील कार्यालय सर्व मराठीत आहे. याला माझे उत्तर असे, की म्हणूनच दोन्ही भाषा हव्यात. आमच्याकडे शास्त्रभाग आधी बोलीत सांगतात, मग मुलांपैकी कोणीतरी तोच भाग मराठी बायबलातून मोठ्याने वाचतो. अर्थ आधी माहीत असल्याने मुलगा वाचताना अडखळत नाही. शाळेत गप्प राहणारी दोन मुले आता ओट्यावर वाचतात. पाळकसाहेबांचे पूर्ण समाधान झालेले नाही.

आणि नाताळचे सांगायचे राहिले. डिसेंबरात वाडी रिकामी असते. म्हातारी माणसे आणि कुत्री सोडली तर कोणी नसते, सगळे भट्टीवर. कितीही भाषांत उपासना ठेवली तरी ऐकणार कोण? गेल्या वर्षी आम्ही भट्टीच्या कडेला, कच्च्या विटांच्या रांगांमध्ये, रात्री काम थांबल्यावर अर्धा तास बसलो. मुकादमही येऊन उभा राहिला. त्या रात्री मी 'तारण' हा शब्द वापरला नाही. त्या बाईलाच विचारले होते, मग कोणता शब्द वापरू? तिने बराच विचार करून बोलीतला एक शब्द सांगितला. पलीकडच्या वाडीच्या बायका म्हणतात तो शब्द जाळ्यातून मासा सोडण्याचा आहे, माणसाचा नाही. त्यांचे अजून एकमत झालेले नाही, म्हणून तो इथे छापत नाही. तोवर मराठीत मी एवढेच म्हणते, की त्याने सोडवले, आणि वहीतले नाव खोडले.

भट्टीवर हे वाक्य म्हटले तेव्हा तिघींनी एकदम मुकादमाकडे पाहिले. तो विडी विझवून निघून गेला.

या तिमाहीत आपापल्या गटात हा पाठ घेताना एक करून पाहावे. नेहमीच्या उपासनेतले दहा शब्द काढावेत, कृपा, नीतिमान, अभिषेक, करार, खंडणी, असे, आणि वाडीवरच्या एखाद्या आजीला प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारावा. आपण काही सांगू नये. ती जे सांगेल ते वहीत लिहून पुढच्या अंकासाठी कार्यालयाकडे पाठवावे. 'करार' या शब्दाला आमच्याकडे काय उत्तर आले, ते तेव्हा लिहीन.